नरहरी तरसाच्या अंगणातलं पाणी

एका जंगलात नरहरी नावाचा एक तरस राहत होता. बाळांनो, तरस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत नसेल तर बिघडलं नाही. त्या जंगलातही फारसं कोणाला माहीत नव्हतं. कारण तो दिसायच्या आधी त्याचं हसणं ऐकू यायचं, आणि ते ऐकलं की बघायला कोणी थांबत नसे.

तसा नरहरी स्वभावाने अगदी गरीब. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण आनंद झाला की त्याला हसू यायचं, आणि ते हसू इतकं भयंकर, की ज्याच्यामुळे आनंद झाला तो प्राणीच दिसेनासा व्हायचा.

एकदा त्याने शेजारच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. सगळे आले. आले म्हणून नरहरीला आनंद झाला. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की पातेलंभर चहा त्याला एकट्याला प्यावा लागला आणि पोट बिघडलं.

त्याची इच्छा एवढीच होती, की कोणीतरी आपल्या अंगणात यावं. थोडं बसावं. ‘काय काका, बरं आहे ना?’ म्हणावं आणि न पळता, चालत परत जावं. तुम्हाला ही इच्छा किरकोळ वाटेल. तुमच्या घरी पाहुण्यांची रीघ असते आणि तुम्ही आतल्या खोलीत लपून बसता. नरहरीचं तसं नव्हतं.

मग उन्हाळा लागला. ओढा आटला. एक दिवस नरहरीने पाहिलं, की डोंगरातल्या एका कपारीतून थेंब थेंब पाणी ठिबकतंय आणि त्याखालच्या खळग्यात पाखरांची नुसती झुंबड उडाली आहे. कोणी पंख फडफडवतंय, कोणी डोकं बुचकळतंय. नरहरी अगदी जवळ जाऊन उभा राहिला तरी एकाचंही लक्ष गेलं नाही. अंघोळीच्या वेळी पाखरांना कसलंच भान नसतं.

‘यांना आमंत्रण लागत नाही,’ नरहरीने मनाशी म्हटलं. ‘पाणी लागतं.’

घरी येऊन तो कामाला लागला. त्याच्याकडे एक पसरट मातीची परळ होती. तिच्यात तो भाकरी कुस्करून खायचा. ती त्याने घासून घेतली आणि अंगणात करवंदीच्या झुडपापाशी दगडावर ठेवली. परळीत दोन बोटं पाणी घातलं. पाखराचे पाय केवढे असतात, हे त्याने कपारीपाशी नीट पाहिलं होतं. पाय घसरू नयेत म्हणून पाण्यात खरबरीत खडे टाकले. मग वरच्या फांदीला एक मडकं टांगलं. मडक्याला बारीक भोक पाडून त्यात चिंधी कोंबली. पाणी ठिबकायला लागलं. टप. टप. टप.

झालं. सगळ्या कामाला सकाळसुद्धा पुरी लागली नाही. नरहरी ओट्यावर जाऊन बसला आणि हसू आलं तर पंचाईत नको, म्हणून त्याने स्वतःचं शेपूट तोंडात धरून ठेवलं.

दुपारी एक नाचण आली.

नाचण म्हणजे इवलासा पक्षी. शेपटीचा पंखा करते आणि जागच्या जागी नाचते. उगीचच नाचते. तिला कोणी बक्षीस देत नाही, तिच्या आईने तिला कुठल्या क्लासला घातलेलं नसतं. या नाचणीचं नाव होतं चिंगी. ती आधी करवंदीत शिरली. तिथून तिने अंगण न्याहाळलं. मग परळीच्या काठावर उतरली, घोटभर पाणी प्यायली आणि धपकन आत बसून अशी काही अंघोळ केली, की अर्धं पाणी बाहेर सांडलं.

नरहरीला इतका आनंद झाला, की डोळ्यांतून पाणी आलं. पण शेपूट त्याने सोडलं नाही.

“काका, हे पाणी कोणाचं?” चिंगीने विचारलं.

नरहरीने शेपूट तोंडातून काढलं. “तुझंच की.”

“माझं कसं? मी तर आत्ता आले.”

“मग आत्तापासून तुझं.”

चिंगीला हे पटलं. तिने शेपटीचा पंखा उघडला, मिटला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग बुलबुल आले. सातभाई आले आणि येताना भांडत आले. दयाळ आला. रोज सकाळी नरहरी काथ्याने परळ घासायचा, ताजं पाणी घालायचा आणि शेपूट तोंडात धरून ओट्यावर बसायचा. त्याच्या शेपटाचे केस विरळ झाले, पण त्याची त्याला पर्वा नव्हती.

चिंगी रोज काहीतरी बोलून जायची. तिचं घरटं लिंबाच्या झाडावर होतं आणि घरट्यात पिल्लं होती. “अजून उडत नाहीत,” ती म्हणायची. “उडायला लागली की पहिली अंघोळ इथेच घालणार. तुम्ही घरी असाल ना काका?”

“मी कुठे जाणार?” नरहरी म्हणायचा. आणि खरंच, तेव्हा त्याला कुठे जायचं नव्हतं. ती पिल्लं आपल्या अंगणात येणार, या विचाराने तो मनातल्या मनात इतका सुखावला होता, की स्वप्नातसुद्धा शेपूट तोंडात धरून झोपायचा.

आता बाळांनो, इथेच गोष्ट संपली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण आनंद झाला की तो कोणालातरी सांगावासा वाटतो, ही एक वाईट खोड आहे. नरहरीने तो दिगंबर माकडाला सांगितला.

दिगंबर म्हणजे जंगलातला कार्यकर्ता. कुठेही काही चांगलं चाललंय असं त्याच्या कानावर आलं, की तो तिथे धावत जायचा आणि ते थांबवून त्याची बैठक बोलवायचा. तो नरहरीच्या अंगणात आला. त्याने परळ पाहिली. तिच्याभोवती एक फेरी मारली.

“नरहरीकाका, हे तुम्ही एकट्याने केलंत?”

“हो.”

“वाटतंच. कोणाला विचारलं असतंत तर असं झालं नसतं.” त्याने परळीत बोट बुडवून पाहिलं. “दोन बोटं पाणी? काका, बाहेरच्या जंगलातून कोणी आलं तर आपली काय अब्रू राहील? एवढं मोठं कार्य आणि परळीत?”

“पाखरं येतात की,” नरहरी हळूच म्हणाला.

“पाखरांना काय कळतं? ती कुठेही येतात. आपण याला काही स्वरूप द्यायला नको का?”

नरहरीने परळीकडे पाहिलं. पण दिगंबर त्याला ‘काका’ म्हणाला होता. शिवाय पळाला नव्हता. म्हणून नरहरी म्हणाला, “द्यायला पाहिजे.”

लगेच समिती झाली. अखिल जंगल पक्षी तृषाशमन व स्नानसुविधा समिती. दिगंबर सरचिटणीस झाला. खणायचं काम गणबा रानडुकराकडे गेलं, कारण तो नाहीतरी खणतच असायचा. शेजारच्या यमुनाबाई साळिंदर धार्मिक बाजू बघणार होत्या. नरहरीला मानद अध्यक्ष केलं. मानद म्हणजे ज्याला मान देतात आणि विचारत नाहीत तो.

समितीची रोज बैठक व्हायची आणि ती नरहरीच्या अंगणात व्हायची. सगळे यायचे. बसायचे. चहा प्यायचे. “काय काका, बरं आहे ना?” असं म्हणायचे. अगदी ज्या शब्दांत त्याला हवं होतं त्याच शब्दांत. नरहरीने त्यांच्यासाठी ओठ न उघडता, नुसत्या नाकाने हसायची सवय केली. ते हसणं शिंकेसारखं दिसायचं, पण कोणी पळत नसे. नरहरीला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

अंगणात मात्र खणाखणी सुरू झाली. गणबाने एवढा मोठा खड्डा खणला, की तो स्वतः आत उतरला आणि त्याला वर काढायला वानरांची साखळी करावी लागली.

“एवढं खोल?” नरहरीने विचारलं. “पाखरांचे पाय अगदी...”

“काका,” गणबा मातीत माखलेलं तोंड पुसत म्हणाला, “काम करायचं तर एकदाच करायचं. पुढच्या पिढ्यांनी नाव काढलं पाहिजे. उद्या शहामृग आला तर?”

त्या जंगलात शहामृग कधीच आला नव्हता. पण न आलेल्याची सोय करताना हात राखून चालत नाही, असं समितीचं मत होतं.

खड्ड्याला चकचकीत फरशी बसवली. ती इतकी गुळगुळीत, की तिच्यावर मुंगीसुद्धा घसरून पडायची. मग कारंजं हवं असं ठरलं. कारंजं कुठून आणायचं? मागे एक भिंत बांधली, भिंतीला भोक ठेवलं आणि भिंतीआड गजाभाऊ हत्तीला बसवलं. दिगंबरने टाळी वाजवली की गजाभाऊंनी भोकातून सोंड काढून पाणी उडवायचं. गजाभाऊ भला माणूस. माणूस म्हणजे हत्तीच, पण भला. त्यांना वाकून बसायचा त्रास व्हायचा, तरी समाजकार्य म्हणून ते बसले.

करवंदीचं झुडूप तोडलं, कारण त्याच्यामुळे फलक दिसत नव्हता. फलकावर सगळ्यांची नावं होती. मार्गदर्शक, प्रेरणास्थान, सौजन्य, निमंत्रक, सहनिमंत्रक. शेवटी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पक्षी’ असं लिहिलं होतं. जागा उरली म्हणून लिहिलं होतं.

आणि ती मातीची परळ? ती त्यांनी फेकून दिली नाही हो. ते काही कृतघ्न नव्हते. तिच्यातलं पाणी ओतून टाकलं, तिला पुसून कोरडी केली, चौरंगावर ठेवली, हार घातला आणि वर लिहिलं, ‘आद्य परळ. हात लावू नये.’

मग सगळं तयार झालं. पाणी काठोकाठ भरलं. चिंगी आली. करवंदी दिसेना म्हणून ती गोंधळली, पण तहान लागली होती, म्हणून धीर करून काठावर उतरली आणि फरशीवरून घसरली. पंख मारून कशीबशी सावरली आणि चोच पाण्याकडे नेणार, एवढ्यात यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला.

“अगो बाई, उष्टं करतेय ही. अजून उद्घाटन व्हायचंय. महाराज यायचेत. महाराजांनी उष्ट्या पाण्याला हात लावायचा?”

हा मुद्दा कोणाच्या लक्षातच आला नव्हता. आधी पाखरांनी पाणी प्यायलं, तर मग महाराज उद्घाटन कशाचं करणार? दिगंबरने ताबडतोब ठराव मांडला. उद्घाटन होईपर्यंत पाण्याला पक्ष्यांपासून संरक्षण द्यावं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि गणबाने अख्ख्या तळ्यावर जाळं पसरलं.

महाराज म्हणजे वाघ. त्यांचे स्वीय सहायक कोल्हेसाहेब यांनी तारीख दिली. पण त्या तारखेला महाराज शिकारीला गेले. पुढच्या तारखेला महाराजांना अपचन झालं. काय खाऊन झालं ते विचारायची पद्धत नसते. त्यापुढच्या तारखेला महाराजांना पलीकडच्या जंगलात झाडं लावण्याच्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि त्यासाठी तिथली झाडं तोडून मंडप घालायचं काम लांबलं होतं.

इकडे ऊन मी म्हणत होतं. कपारीतलं ठिबकणंही बंद पडलं. सातभाई भांडायचे थांबले, म्हणजे बघा. पाखरं जाळ्यावर येऊन बसायची, खालचं पाणी बघायची आणि चोची उघड्या टाकून निघून जायची.

“काका,” एक दिवस चिंगी म्हणाली, “जाळं का घातलंय?”

“उद्घाटन व्हायचंय.”

“उद्घाटन झालं की पाणी ओलं होतं का?”

“थोडी कळ काढ,” तो म्हणाला. “एकदा कार्यक्रम होऊ दे. मग सगळं तुझंच आहे.”

“पिल्लांना पंख फुटलेत. परवा एकाने उडी मारली.”

“हो का? अरे वा,” नरहरी म्हणाला.

ती गेल्यावर त्याने घरातून एक वाटी आणली, तिच्यात पाणी घातलं आणि गुपचूप ओट्यामागे ठेवली. पण यमुनाबाईंचं घर शेजारीच. त्या बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, “भावजी, ही वाटी कशाला? लोक म्हणतील, अध्यक्षांचाच आपल्या या पक्षी-केंद्रावर विश्वास नाही.”

संध्याकाळच्या बैठकीत दिगंबरनेही तेच सांगितलं. अगदी प्रेमाने सांगितलं. “काका, आम्ही कोणासाठी झटतोय? तुमच्यासाठीच ना? तुम्हीच असं समांतर केंद्र चालवायला लागलात तर आम्ही उद्यापासून यायचं कशाला?”

यायचं कशाला. हे दोन शब्द नरहरीला झोंबले. त्याला तो पातेलंभर चहा आठवला. त्याने उठून वाटीतलं पाणी ओतून टाकलं, आणि सगळ्यांना चहा विचारला.

शेवटी एकदाचे महाराज आले. अर्थात उशिरा आले. तोपर्यंत स्वागताला उभी केलेली हरणांची पिल्लं उन्हाने मान टाकून उभी होती. रांगोळी काढलेली होती. यमुनाबाईंनी ती स्वतःच्याच काट्याने रेखली होती. फीत बांधली होती. महाराज खुर्चीत बसले, त्यांनी चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान. पक्षी कुठे आहेत?”

पक्षी कुठे आहेत हे पाहायचं काम समितीत कोणाकडे दिलेलंच नव्हतं.

पण दिगंबर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो मंडपामागे पळाला. तिथे सदू ससा गाजर खात बसला होता. दिगंबरने त्याच्या अंगाला डिंक फासला, त्यावर मोराची दोन-चार पिसं चिकटवली आणि जाळं थोडं उचलून त्याला तळ्यात ढकललं.

“हा बघा महाराज, पक्षी,” कोल्हेसाहेब म्हणाले.

महाराजांनी बराच वेळ निरखून पाहिलं. “याचे कान लांब आहेत.”

“फार दुर्मिळ आहे, महाराज.”

“हा ओरडतोय.”

“गातोय, महाराज.”

“बुडतोय का हा?”

“नाही नाही. यांच्यात अंघोळीची अशीच पद्धत आहे.”

महाराज प्रसन्न झाले. “आम्हाला लहानपणापासून पक्ष्यांची फार आवड,” ते म्हणाले. “विशेषतः मोराची. मोर पहाटे पहाटे गरम असतानाच जो काही...” इथे कोल्हेसाहेबांना मोठ्याने खोकला आला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून भिंतीआड गजाभाऊंना वाटलं, आपल्यालाच इशारा झाला. त्यांनी सोंड भोकातून काढली आणि सगळा जोर लावून फवारा सोडला. तो थेट मंडपावर गेला. मार्गदर्शक भिजले, प्रेरणास्थान भिजलं, रांगोळी वाहून गेली आणि महाराजांच्या मिशा खाली वळल्या. त्या लाटेबरोबर सदू तळ्याबाहेर फेकला गेला आणि पिसांसकट जो पळाला तो पलीकडच्या जंगलात जाऊन थांबला. तिथे त्याला बरीच वर्षं पक्षीच समजत होते.

महाराज रागावणार असं वाटलं. पण उकाडा इतका होता, की त्यांना बरंच वाटलं. ते हसले. मग सगळेच हसले. नरहरीसुद्धा नाकाने हसला. जाळं काढलं. कात्री आली. महाराज फीत कापायला उठले आणि त्यांनी नरहरीला शेजारी बोलावलं. “आपण इथे या, अध्यक्ष.” समोर सगळं जंगल उभं होतं. सगळे नरहरीकडे बघत होते आणि कोणी पळत नव्हतं. आयुष्यात असा दिवस त्याने कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात चिंगी आली.

ती एकटी नव्हती. तिच्यामागून तिची पिल्लं आली. वेडीवाकडी, धडपडत, उडत कमी आणि पडत जास्त. त्यांना उडता यायला लागलं होतं. ती सगळी फितीवर येऊन ओळीने बसली. जाळं नाही हे चिंगीने पाहिलं होतं. तिच्या चोचीतून आवाज नीट फुटत नव्हता, तरी तिने शेपटीचा पंखा उघडला.

“काका,” ती म्हणाली, “आणली बघा.”

महाराजांची कात्री हवेत थांबली. “हे कोण?”

कोल्हेसाहेबांनी कार्यक्रमपत्रिका वरपासून खालपर्यंत पाहिली. “यांचं नाव इथे कुठे नाही, महाराज.”

“फीत घाण करतील,” गणबा कुजबुजला.

“पाणी उष्टं करतील,” यमुनाबाई म्हणाल्या.

महाराज नरहरीकडे वळले. अगदी सहज वळले. “अध्यक्ष, तुमच्या ओळखीचे आहेत का हे?”

नरहरीने चिंगीकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. सगळ्यांत छोटं पिल्लू त्याच्याकडे टक लावून बघत होतं. त्याला आईने नरहरीकाकांबद्दल काय काय सांगितलं असेल, कोण जाणे. मग नरहरीने समोरच्या गर्दीकडे पाहिलं. पुढच्या ओळीत दिगंबर हात जोडून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती. उद्यापासून यायचं की नाही, तेवढं सांगा.

“नाही,” नरहरी म्हणाला. “यांना मी ओळखत नाही.”

आणि त्याने हात उचलून “हुश्श” केलं.

ते जोरात केलं नव्हतं. पण पाखराला जोर लागत नाही. चिंगीने शेपटीचा पंखा मिटला. पिल्लांना घेऊन ती उडाली, छोटं पिल्लू मागे राहिलं म्हणून एकदा वळून आली, त्याला घेतलं आणि पुन्हा गेली.

नरहरीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण लगेच फीत कापली गेली, टाळ्या झाल्या आणि त्याच्या खांद्यावर शाल आली. भर उन्हाळ्यात. हातात नारळ आला. महाराजांनी त्याला ‘पक्षीमित्र’ ही पदवी दिली आणि भाषणात म्हणाले, “आम्ही पक्ष्यांच्या पुष्कळ जागा पाहिल्या. सगळीकडे नुसता किलबिलाट, पिसं, घाण. इथे कसं शांत आहे. स्वच्छ आहे. जंगलातल्या प्रत्येक पाण्यावर असंच केंद्र झालं पाहिजे.”

महाराजांचा शब्द. लगेच अंमलबजावणी झाली. जंगलात जिथे जिथे डबकं उरलं होतं, खळगा उरला होता, म्हशीच्या खुराच्या ठशात पाणी साचलं होतं, तिथे तिथे समिती पोचली. गणबाने खणलं. फरशी बसली. फलक लागले. जाळी पसरली.

चिंगी पिल्लांना घेऊन माणसांच्या गावात गेली, असं पुढे कोणीतरी सांगितलं. तिथे एका घराची मोरी फुटकी आहे. तिच्यातून पाणी ठिबकतं आणि त्या घरातल्या बाईला ती दुरुस्त करायला सवड होत नाही. पिल्लांची पहिली अंघोळ तिथे झाली. चिंगी त्या बाईला काकू म्हणते म्हणे.

नरहरीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं झालं.” मग तो ओट्यावर जाऊन बसला. पण त्याला फार वेळ बसता आलं नाही, कारण बाहेर मंडळी थांबली होती. महाराजांना सवड नसली की नव्या केंद्रांच्या उद्घाटनाला आता नरहरीला बोलावतात. त्याला फार मान आहे. दिवसाला कधी कधी चार-चार कार्यक्रम असतात, त्यामुळे पोचायला थोडा उशीर होतो.

तो पोचेपर्यंत पाण्यावर जाळं घातलेलं असतं.

तात्पर्य : पक्ष्यांसाठी काही भव्य करायचं मनात आलं, तर सर्वांत आधी तिथले पक्षी हाकलावेत. ते फार मध्ये मध्ये येतात.